दाखवा ना, कसं अडकतं ते!

काही आजारांना सहानुभूती मिळते, काहींना प्रेक्षक. ट्रिगर फिंगर दुसऱ्या जातीचा. उजव्या हाताची अनामिका सकाळी तळहाताकडे मुडपून बसलेली असते. सरळ हो म्हटलं तर ऐकत नाही, आणि डाव्या हाताने उचलायला गेलं की 'खट्' करून ताठ उभी राहते. त्या एका 'खट्'साठी लोक खुर्ची पुढे ओढतात. कंबर दुखते म्हणावं तर ऐकणारा लगेच स्वतःच्या कंबरेवर घसरतो, इथे मात्र सगळ्यांचं एकच, "दाखवा ना, कसं अडकतं ते!" दाखवलं की "आणखी एकदा, याने बघितलं नाही." मोबाईल रोखून बसणारेही भेटले.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत या खेळावर बंदी घातली. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, पण भीड म्हणून नाही. "काका, हे जितकं वाजवाल तितकं सुजेल. कोणी कितीही गळ घातली तरी वाजवायचं नाही."

दुखतं मधल्या सांध्यात, म्हणून हितचिंतकांनी मधल्या सांध्यासाठीच मलमं सुचवली होती. मॅडमनी त्या सांध्याकडे बघितलंही नाही. अनामिकेच्या मुळाशी, तळहातावरच्या आडव्या रेषेजवळ त्यांनी अंगठा दाबला आणि मी खुर्चीतून उठलो. "इथे आहे," त्या म्हणाल्या. माझं काही वेगळं मत नव्हतं.

मग बोटाचा कारभार कळला. बोटं मुडपणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, मनगटातून, तळहातातून बोटापर्यंत येतात, अनामिकेच्या वाट्याला दोन. त्या हाड सोडून वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून जागोजागी आडवे पट्टे असतात. त्यातला मुळाशी असलेला पहिला पट्टा जाड होतो, कंडराही तिथेच फुगते, आणि पायजम्याच्या नाडीची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडावी तशी गत होते. मुडपणारे स्नायू दांडगे, ते गाठ ओढून नेतात. सरळ करणारे त्यांच्या मानाने लेचेपेचे. त्यांना काही ती परत आणता येत नाही.

१८५० साली नोता नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्यांनी आपल्या रुग्णांना 'पुन्हा एकदा दाखवा' असं किती वेळा म्हटलं असेल, हा विचार मला अधूनमधून छळतो. शंभरात दोन-तीन जणांना हे आयुष्यात कधीतरी होतं, मधुमेह असेल तर दहाजणांपर्यंत. बायकांना जास्त. अंगठा आणि अनामिका ही त्याची आवडती ठिकाणं. म्हणजे मी काही फार विशेष नाही, हे जरा लागलं.

उपचाराची सुरुवात स्प्लिंटने. प्लास्टिकची पट्टी गरम पाण्यात मऊ करून बोटाच्या मुळावरच बेतली. मुळाचा सांधा किंचित वाकलेला, दहा-पंधरा अंशांत, तिथेच धरून ठेवायचा. पुढचे दोन सांधे मोकळे. सांधा थांबला की कंडरेची त्या पट्ट्याखालची ये-जा कमी होते आणि सूज उतरायला सवड मिळते. मुदत साधारण ६ ते १० आठवडे. नाहीच जमलं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि त्यानेही नाही भागलं तर पट्टा कापून मोकळा करायचं लहानसं ऑपरेशन. तळहातात सुई, हे शब्द कानावर पडताच माझी पट्टीवर निष्ठा जडली.

एका स्नेह्यांनी दाबायचा मऊ चेंडू आणून दिला होता. मॅडमनी तो माझ्यादेखत ड्रॉवरमध्ये टाकला. घट्ट मूठ आवळणं हाच जिथे गुन्हा, तिथे त्याची तालीम कसली करायची?

त्याऐवजी व्यायाम. हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, पट्टी काढायची, मग सावकाश पाच मुद्रा: बोटं सरळ, मुळाशी ताठ आणि पुढे मुडपलेला आकडा, सैल मूठ, टेबल, म्हणजे मुळाशी काटकोन आणि पुढे सरळ, आणि शेवटी टोकं ताठ ठेवून तळहाताला टेकवलेली चपटी मूठ. आकड्यात दोन्ही कंडरा एकमेकींवरून सर्वांत जास्त सरकतात, म्हणून त्याचा मान मोठा. कुठेही 'खट्' होणारसं वाटलं की त्याच्या अलीकडेच थांबायचं.

ऐकायला सोपं. पण हे दिवसातून अनेकदा, थोडं थोडं करायचं असतं, आणि माणूस दिवसभर काही एकटा नसतो. लिफ्टमध्ये मी आकडा केला तेव्हा समोरच्या बाईंनी पर्स छातीशी धरली. फोनवर बोलता बोलता टेबल केलं, तर पलीकडे उभा असलेला सहकारी "बरं, नंतर येतो" म्हणून निघून गेला. पण कहर झाला तो मीटिंगमध्ये. वार्षिक कार्यक्रमाची जबाबदारी कोण घेणार, असा प्रश्न आला आणि सगळे आपापल्या वहीत बघू लागले. माझी नेमकी पहिली मुद्रा चालू होती. कोपर टेबलावर, पाची बोटं ताठ. "वा! असा उत्साह पाहिजे," साहेब म्हणाले. मी घाईघाईने दुसऱ्या मुद्रेवर गेलो, पण तोवर माझं नाव फळ्यावर गेलं होतं.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेला कागद एकच: काय करायचं नाही त्याची यादी. कपडे पिळायचे नाहीत. भरलेली बादली बोटांवर उचलायची नाही. घट्ट झाकणं फिरवायची नाहीत. स्क्रूड्रायव्हर धरायचा नाही. इतकं सुंदर गद्य मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. घरी येऊन तो कागद मी फ्रिजवर, डोळ्यांच्या उंचीला लावला.

बायकोने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटून मागची बाजूही बघितली.

"अहो, यात कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत असं कुठे लिहिलंय?"

मी म्हणालो, त्यातही बोटं लागतातच की. तिने थेट मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. "चालेल की," त्या उत्साहाने म्हणाल्या, "तळहात सपाट, बोटं सरळ. मूठ लागतच नाही. काकांना म्हणावं, चादरीसुद्धा घाला."