उपयोजित गणितात प्रगती कशी साधावी

उपयोजित गणिताचे प्राध्यापक म्हणून दीर्घ आणि निर्वेध कारकीर्द घडवायची असेल, तर उपयोजनापासून आपण सावध राहावे. जर्मन प्रवाहशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तराची (वाहत्या द्रवाचा पृष्ठभागालगतचा, घर्षणाने मंदावलेला पातळ थर) कल्पना अवघ्या काही पानांत मांडून टाकली. एवढ्या सामग्रीवर एखाद्या विभागाचा पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह झाला असता, याचे भान त्यांना राहिले नाही.

आपण ताणल्या जाणाऱ्या पत्र्यावरील द्रवाचा प्रवाह निवडावा. १९७० साली क्रेन यांनी त्याचे नेमके उत्तर दिले आणि ते एका घातांकी पदात मावते. उत्तराचा हा तोकडेपणा दूर करणे हेच आपले जीवितकार्य समजावे. प्रथम चुंबकीय क्षेत्र लावावे, मग सच्छिद्र माध्यम, उष्णतेचे प्रारण, रासायनिक अभिक्रिया आणि नॅनोकण आणावेत. या पाच परिणामांतून एक किंवा अधिक निवडण्याचे ३१ प्रकार होतात, म्हणजे तितकेच शोधनिबंध होतात (संपूर्ण कारकिर्दीत लागणारे खरे गणित बहुधा हेच). चुंबकीय क्षेत्र असलेल्या प्रत्येक निबंधात ते वाढवले की प्रवाहाचा वेग घटतो, हे नव्या रंगाच्या आलेखाने दाखवावे. प्रवाहाचा कंटाळा आल्यास कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचे लोकांना रोगप्रवण, बाधित आणि बरे झालेले अशा कप्प्यांत वाटणारे १९२७ चे साथीचे प्रारूप आहेच. त्यात एक कप्पा वाढवावा.

गुणवत्तेची चिंता नको. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ साली सुचवलेल्या एच-निर्देशांकानुसार (किमान ‘एच’ वेळा उल्लेख झालेले ‘एच’ निबंध असतील, तर निर्देशांक ‘एच’), ज्याने आयुष्यात एकच युगप्रवर्तक निबंध लिहिला, त्याचा निर्देशांक, जगाने त्या निबंधाचा कितीही वेळा उल्लेख केला तरी, १ च्या पुढे सरकत नाही. तेव्हा तसले काही लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. याउलट, परीक्षणासाठी आलेल्या प्रत्येक हस्तलिखितावर ‘संदर्भसूची अपुरी आहे’ असा अभिप्राय देऊन आपलेच चार निबंध सुचवावेत. लेखक आभार मानून ते घालतात, कारण उद्या त्यांनाही परीक्षक व्हायचे असते.

एखादा अभियंता कारखान्यातल्या खऱ्या पत्र्याची मोजमापे घेऊन दाराशी आलाच, तर गांगरून जाऊ नये. त्याच्या पत्र्याची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने तो आपल्या गृहीतकांत बसत नाही, हे त्याला सौजन्याने समजावून द्यावे आणि तो जिना उतरताच बदलती जाडी हा सहावा परिणाम यादीत घ्यावा, म्हणजे ३१ चे ६३ होतात.