‘कोणी कोणाला खाल्लं नाही’ म्हणजे जमलं असं नाही : बेडूक-माशांच्या सोबतीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पाण्यातल्या बेडकांसोबत कोणते मासे ठेवावेत, या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुमच्या दोन फुटी टँकमध्ये एक तपकिरी आणि एक पांढरा असे दोन बेडूक, सहा टायगर बार्ब (पट्ट्यांचे चपळ मासे) आणि एक सकर (काचेला चिकटणारा मासा) आठ महिन्यांपासून एकत्र आहेत आणि कोणी कोणाला खाल्लेलं नाही. ‘जे तोंडात मावत नाही ते सोबत चालतं’ हा दुकानदाराचा नियम तुम्हाला पुरेसा वाटतो. माझी यादी परदेशी वेबसाइटवरची आहे आणि ती वाचून नवा माणूस घाबरेल, असंही तुम्ही म्हणता. आणि शेवटी तुम्ही लिहिता, बेडूक फारच मोठा झाला तर विहिरीत सोडता येतो.

हे शेवटचं वाक्य वाचूनच मी सविस्तर लिहायला बसलो. त्याकडे येतोच, पण आधी खाण्याचं बोलू.

बेडूक आणि मासे यांच्यात मारामारी होते का, हा दुय्यम प्रश्न आहे. बेडकाच्या पोटात रोज काही जातं का, हा पहिला. ब्लडवर्मचा (गोठवलेल्या लाल अळ्यांचा) एक तुकडा टँकमध्ये सोडा आणि माशांकडे न बघता फक्त बेडकाकडे बघा. तो आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, म्हणजे कायम पाण्यातच राहणारा बुटका बेडूक असेल, तर त्याची नजर अधू असते आणि त्याला जीभ नसतेच. वास आणि पाण्यातली हालचाल यांच्या आधाराने तो अन्न शोधतो. वास आला की आधी थबकतो, हळूच अंग वळवतो, तळावरून थोडा पुढे सरकतो आणि एकदम तोंड उघडतो. पाण्याबरोबर अळी आत ओढली जाते. बऱ्याचदा नेम चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर टायगर बार्बनी सगळं फस्त केलेलं असतं. वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोहोचायच्या आत भांडं रिकामं व्हावं, तसं हे रोज होत राहतं. बेडूक थंड रक्ताचा, त्याची भूक कमी, त्यामुळे तो आठवड्याभरात मरत नाही. महिनोन्महिने खंगत जातो आणि एक दिवस तळाशी पडलेला सापडतो. मग आपण म्हणतो, कालपर्यंत तर बरा होता!

म्हणून आठ महिने या आकड्यावर विसंबू नका. तुमच्या तपकिरी बेडकाला वरून बघा. पाठीच्या मागच्या टोकाला कमरेची हाडं उठून दिसत असतील, मांड्या काटकुळ्या झाल्या असतील, तर तो उपाशी आहे. टायगर बार्बला दिसेल त्याला टोचून बघायची खोड असते आणि बेडकाची बोटं पातळ असतात, तीही एकदा निरखून बघा.

आता पांढऱ्या बेडकाबद्दल. दुकानात मिळणारा पांढरा किंवा गुलाबीसर, लाल डोळ्यांचा बेडूक हा बहुतेक करून आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, म्हणजे झेनोपस असतो. हा दक्षिण आफ्रिकेकडचा प्राणी. 1930च्या दशकात तो गर्भचाचणीसाठी प्रयोगशाळांत आला: स्त्रीच्या लघवीचं इंजेक्शन मादीला द्यायचं, गर्भ असेल तर ती काही तासांत अंडी घालायची. पुढे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी याच बेडकावर केलेल्या कामासाठी त्यांना 2012चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळांमुळे तो जगभर पसरला, सहज वाढवता येऊ लागला आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारातही आला. पिल्लू असताना तो ड्वार्फ फ्रॉगसारखाच दिसतो, इंचभराचा. पण मादी 10-12 सेंटिमीटरपर्यंत वाढते, शिवाय हा बेडूक 15 वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. ड्वार्फ फ्रॉग मात्र तीन-चार सेंटिमीटरवरच थांबतो.

दोघांतला फरक पुढच्या पायांवरून कळतो. ड्वार्फ फ्रॉगच्या पुढच्या बोटांमध्येही पडदा असतो. झेनोपसची पुढची बोटं सुटी असतात. शिवाय झेनोपसचे डोळे डोक्याच्या वर असतात आणि ड्वार्फचे बाजूंना. नखांवरून ओळखायला जाऊ नका, मागच्या पायांना काळी नखं दोघांनाही असतात.

दुकानदाराचा नियम इथेच कोसळतो. ‘तोंडात मावत नाही’ हे आज खरं असेल, पण झेनोपसचं तोंड दर महिन्याला मोठं होत असतं. आणि तोंडात मावलं नाही तर तो मागच्या नखांनी फाडतो आणि पुढच्या हातांनी आत कोंबतो. खादाडपणात त्याचा हात कोणी धरणार नाही. टायगर बार्ब आज त्याच्यापेक्षा चपळ आहेत म्हणून वाचलेत. तपकिरी बेडूक ड्वार्फ असेल तर धोका सर्वात जास्त त्यालाच आहे, कारण तो संथ आहे आणि पांढऱ्यासारखाच तळावर वावरतो. ‘शांत मासा’ म्हणून कोरी (तळावर राहणारा छोटा कॅटफिश) आणावा असं कोणी सुचवलं तर झेनोपससोबत तो मुळीच ठेवू नका. त्याच्या परांचे काटे ताठ होऊन अडकतात; गिळणारा आणि गिळलेला, दोघांचाही जीव जाऊ शकतो. झेनोपसला एकटं किंवा त्याच्याच मापाच्या झेनोपससोबत ठेवावं, यावर माझं मत ठाम आहे.

पाण्याचाही प्रश्न आहेच. झेनोपसला 18 ते 22 अंशांचं पाणी मानवतं, ड्वार्फला 24 ते 27. एकाच टँकमध्ये दोघांना सुखात ठेवता येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, विशेषतः मराठवाडा-विदर्भात, टँकचं पाणी सहज तिशीच्या वर जातं. तेव्हा पाण्यावर एक छोटा पंखा लावला तरी बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. लाइट गेली आणि एअर पंप बंद पडला तर मासे वर येऊन धापा टाकतात. बेडूक फुप्फुसाने श्वास घेतो, त्याचं फार बिघडत नाही. पण म्हणूनच त्याला पृष्ठभागापर्यंत सहज जाता आलं पाहिजे: ड्वार्फसाठी पाणी फूटभरापेक्षा खोल नको, फिल्टरचा झोत मंद हवा आणि वर घट्ट झाकण हवं.

या सगळ्याहून महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे औषध. माशांना पांढरे ठिपके आले की आपण मीठ टाकतो, नाहीतर दुकानातली निळी-हिरवी बाटली ओततो. बेडकाची त्वचा पातळ, पाण्यातलं सगळं शोषणारी. तांबं असलेली औषधं आणि मॅलाकाइट ग्रीन त्याला घातक ठरतात, जास्त मीठही सोसत नाही. म्हणजे एक मासा आजारी पडला की बेडूक आधी दुसऱ्या टँकमध्ये हलवावा लागतो. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, असं मी लेखात लिहिलं ते याचसाठी. तुम्हाला तो बाऊ वाटला, पण बेडूक असलेल्या टँकमध्ये हा नियम मी सोडणार नाही.

मग ठेवायचं काय? ड्वार्फ फ्रॉग असेल तर वरच्या आणि मधल्या पाण्यात राहणारे, लहान तोंडाचे, अंगाने संथ मासे बघा. हार्लेक्विन रासबोरा आणि एम्बर टेट्रा चांगले, पण त्यांना मऊ पाणी आवडतं. बोअरचं जड पाणी असेल तर गप्पी बरे. नुकती जन्मलेली पिल्लं बेडूक गिळेल, एवढं धरून चाला. माझी सर्वात आवडती निवड हनी गुरामी आहे. ईशान्य भारत आणि बांगलादेशातला हा मासा लाजाळू असतो आणि सावकाश खातो. झेब्रा डॅनिओही आपल्याच नद्यांमधला आणि स्वस्त, पण त्याच्या वेगापुढे बेडकाच्या वाट्याला काही उरत नाही. कोरी ड्वार्फ फ्रॉगला इजा करत नाही, पण तळावरचं अन्न सर्वात आधी तोच शोधून काढतो. तो ठेवायचाच असेल तर बेडकाला वेगळं भरवायची तयारी हवी. फायटर (बेटा मासा) काही जणांकडे बेडकासोबत नीट राहतो हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मात्र प्रत्येक फायटरचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून दुसरा टँक हाताशी असेल तरच तो प्रयोग करा.

भरवण्याची रीत सोपी आहे. आधी टँकच्या एका टोकाला माशांना खायला टाका. ते तिकडे गुंतले की लांब ड्रॉपरमध्ये वितळलेले ब्लडवर्म घेऊन थेट बेडकाच्या नाकासमोर सोडा. रोज एकाच जागी केलंत तर थोड्या दिवसांत तो त्या कोपऱ्यात येऊन बसायला लागतो.

परदेशी माहितीबद्दल म्हणाल तर हे दोन्ही बेडूक आफ्रिकेतले आहेत. त्यांचं अंग आणि त्यांची भूक आपल्या घरात आल्याने बदलत नाही. बदलतं ते आपलं पाणी आणि आपला उन्हाळा, आणि त्याबद्दल मी इथलंच लिहिलं आहे.

आता विहीर. कृपा करून हे कधीही करू नका. सोडलेले झेनोपस कॅलिफोर्नियात, चिलीत, फ्रान्समध्ये, सिसिलीत पाय रोवून बसले आहेत आणि तिथल्या पाण्यातले जीव खाताहेत. शिवाय जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवणारी कायट्रिड बुरशी ते स्वतः आजारी न दिसता अंगावर वागवू शकतात. सह्याद्रीत असे बेडूक आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. टँकचं पाणी बदलताना काढलेलं पाणीसुद्धा ओढ्यात ओतू नका. सकरचीही तीच गत: तो फूटभराच्या वर वाढतो, दोन फुटी टँकमध्ये मावणार नाही, पण म्हणून त्याची जागा तलाव नव्हे.

आज तपकिरी बेडकाच्या पुढच्या पायाचा एक फोटो काढून इथे टाका. बोटांत पडदा दिसला तर माझ्या उत्तराची वाट न बघता दोघांना आधी वेगळं करा, एखाद्या प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यातही दोन-चार दिवस निभावतं. पांढरा तुम्हाला नकोसा झाला तर इथेच कळवा, त्याला नीट सांभाळणारा माणूस आपण मिळून शोधू.