आपटून घ्यायचं, पण कसं?

चाळिशी जवळ आली आणि रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडला, की माणसाला काहीतरी शिकावंसं वाटू लागतं. पोहायचं तर क्लोरीन, पळायचं तर भटकी कुत्री, बॉक्सिंग करायचं तर दातांचा खर्च. मग उरते धरपकडीची विद्या. इथपर्यंत सगळं सोपं. खरा छळ पुढे आहे: कुस्ती, ज्युडो, ब्राझिलियन जिउ-जित्सू की सांबो? सल्ला मागावा तर कोल्हापूरकर म्हणतो, मातीत उतरल्याशिवाय माणूस पक्का होत नाही. ज्युडोवाला म्हणतो, आधी पडायला शिका. जिउ-जित्सूवाला काहीच म्हणत नाही, थेट गळा धरून दाखवतो.

माझं म्हणणं एवढंच, की ‘सगळ्यात भारी कोणती’ हे विचारूच नये. पहिलं वर्षभर तुम्ही हरणारच आहात. रोज, सगळ्यांकडून, प्रसंगी नववीतल्या पोराकडूनसुद्धा. तेव्हा हरण्याची कोणती तऱ्हा आपल्याला झेपेल, तेवढं बघावं.

कुस्तीत हरणं स्वच्छ असतं. पाठ लागली, चितपट, विषय संपला. मात्र तिथवर पोचायलाच वेळ लागतो, कारण वस्ताद आल्या आल्या डाव दाखवत नाहीत, हातात फावडं देतात. हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, माती उकरणं ही वेठबिगार नव्हे, तोही व्यायामच. ती माती नुसती माती नसते. चाळलेल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असं काय काय मुरवलेलं असतं. कोरडी राहिली तर कातडं सोलवटतं, जास्त भिजली तर पाय रुततात. पैलवान ती एकमेकांच्या अंगाला चोळतात, ती काही रंगपंचमी म्हणून नाही. घामाने पकड निसटू नये म्हणून. लंगोट मात्र घट्ट बांधायचा. सैल राहिला तर समोरच्याच्या हाताला पहिला तोच लागतो, आणि मग तुमचं सगळं लक्ष कुस्तीपेक्षा अब्रूकडे लागतं.

पहिल्या दिवशी पंचवीस जोर आणि पन्नास बैठकांवर थांबावं. दुखणं दुसऱ्या दिवशी फसवतं. ‘एवढंच होय!’ म्हणून माणूस पुन्हा पन्नास काढतो आणि तिसऱ्या दिवशी देशी संडासात बसला की उठवायला घरच्यांना हाक मारावी लागते.

माती की मॅट, हा वाद घरोघरी आहे. मातीत पाय जड पडतात, त्यामुळे कुस्ती ताकदीची आणि सबुरीची होते. मॅटवर पाय पळतात, पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायला, डोळ्याचं पातं लवायचा अवकाश मिळतो. मातीत वाढलेल्या खाशाबा जाधवांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट नवखीच होती, तरी ते सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. तुम्हाला हेलसिंकीला जायचं नाही. त्यामुळे घराजवळ जे असेल ते धरा. पहाटे साडेचारला उठून लांबच्या तालमीत जाणारा नवशिका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही.

आता गंमत बघा. कुस्तीत खाली सापडलेला गडी पोटावर पालथा पडून मातीला चिकटून राहतो. वरचा सवारी घालो, हप्ते भरो, घिस्सा मारो, पाठ लागत नाही तोवर जीव शाबूत. हाच शहाणा गडी जिउ-जित्सूच्या वर्गात गेला आणि सवयीने पालथा झाला, तर समोरचा आनंदाने त्याच्या पाठीवर बसतो, पायांचे हूक त्याच्या मांड्यांत अडकवतो, चार गुण खिशात घालतो आणि वर गळाही आवळतो. याउलट जिउ-जित्सूवाला स्पर्धेत आपणहून ढुंगणावर बसतो, पाठीवर लोळतो आणि दोन्ही पायांनी समोरच्याला कवळतो. याला म्हणतात गार्ड ओढणं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात असं कुणी केलं, तर हलगीवालासुद्धा वाजवायचं थांबून बघत बसेल, की हा न लढताच चीत कसा झाला?

म्हणजे उताणं पडणं ज्याला मनातून मान्य नाही, त्याने जिउ-जित्सूच्या वाटेला जाऊ नये. ज्याला मान्य आहे, त्याच्यासाठी ही विद्या बरीच दयाळू. आपटणं कमी, लोळणं जास्त, आणि हार मानायला दोनदा थोपटलं की सुटका. हात अडकले असतील तर पायाने थोपटा, पायही अडकले असतील तर ओरडा. मात्र थोपटायला लाजू नका. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या, तर दहा सेकंदांच्या आत अंधारी येते. गुडघ्याचं त्याहून वाईट. टाच पिरगाळली जाते तेव्हा दुखायला लागेपर्यंत आतली दोरी तुटलेली असू शकते.

खर्च कपड्यांचा. गी म्हणजे तो जाडजूड सुती अंगरखा. जुलैत मुंबईत धुतला तर दोन दिवसांनीही काखेत ओला. म्हणून दोन घ्यावे लागतात. सूत आटतं, तेव्हा अंगाला बेताचा घेऊ नये आणि गरम पाण्यात बुडवू नये. कापड धरून धरून बोटांचे सांधे सुजतात ते वेगळंच. चिकटपट्टी सांध्याच्या वर आणि खाली फुलीसारखी गुंडाळतात. सोमवारी कीबोर्डवर बोटं हलत नाहीत, आणि साहेबांना कारण सांगावं तर पटत नाही.

ज्युडो हे या घराण्यातलं वडीलधारं माणूस. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युडोची शाळा काढली, तिथे तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे तिथल्या ग्रेसी कुटुंबाने त्यातून जिउ-जित्सूचा संसार उभा केला. त्यामुळे ज्युडोवाले आणि जिउ-जित्सूवाले भांडतात ती निव्वळ भाऊबंदकी. ज्युडोत हरणं झटपट आणि आवाजी असतं. हवेतून पाठीवर जोरात आलात की इप्पॉन, म्हणजे लढत तिथेच खलास, जय महाराष्ट्र. खाली दाबून वीस सेकंद धरलं तरी तेच. पैलवानाने इथे पट काढायला वाकून पायाला हात घातला की पंच दंड करतात. पाय धरणं स्पर्धेत बंद आहे.

इथे पडणं शिकण्यातच पहिले काही आठवडे जातात, आणि जावेतच. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात अंगापासून फार तर पंचेचाळीस अंशांवर, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम गादीवर सपकन. श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. घात होतो तो पडताना हात टेकवण्याच्या उपजत बुद्धीने. सगळं वजन एका मनगटावर येतं. मनगट वाचलं तर गळपट्टीचं हाड जातं.

सांबो रशियाकडची. १९३८ मध्ये सोव्हिएत सरकारने अधिकृत खेळ म्हणून मान्य केली. वर जाकीट, खाली अर्धी चड्डी, पायात बूट. ज्युडोत गळा आवळता येतो, पायाच्या सांध्यावर डाव लावता येत नाही. खेळाच्या सांबोत बरोबर उलटं. ती आपल्याकडे शिकवणारा सापडणंच कठीण, तेव्हा हा प्रश्न परस्पर सुटतो. कुस्तीचाच दुसरा प्रकार ग्रीको-रोमन, त्यात कमरेखाली हात लावायचा नाही, पण समोरचा कमरेवरून उचलून मागे फेकतो. कंबर आधीच कुरकुरत असेल तर दुरून नमस्कार.

विद्या ठरली की वर्ग बघायला जा, पण भिंतीवरची पदकं बघू नका. गादीच्या कडेला चपला आहेत का ते बघा. कुणी अनवाणी संडासात जाऊन तसंच परत गादीवर आलं आणि शिकवणारा काही बोलला नाही, तर पैसे न भरता घरी या. गजकर्ण फी घेत नाही, पण बिऱ्हाड करतं. गादी रोज जंतुनाशकाने पुसतात का, तेही विचारा. नखं आपली आपण कापून जा.

पहिल्या दिवशी जोडीदार नेमताना तुमच्याइतकाच नवा माणूस मिळेल. तो नम्रपणे टाळा. सगळ्यात घातक तोच. श्वास कोंडतो, दात-ओठ खातो आणि सुटायच्या धडपडीत कोपर तुमच्या नाकावर हाणतो. त्याऐवजी कोपऱ्यात बघा. मोडलेल्या कानांचा, थोडं पोट सुटलेला, पन्नाशीचा गडी दिसेल. कानाच्या कूर्च्यात रक्त साकळून, वेळेवर न काढल्याने ते घट्ट झालेलं असतं. एवढी वर्षं घासलेला माणूस नवशिक्यावर जोर करत नाही. जाऊन म्हणा, “नवीन आहे, जरा बेताने घ्या.” फक्त त्याला काका म्हणू नका. पैलवान म्हणा.