पावाचा पायाशी संबंध नाही

‘पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव’ हा जुनाच दावा पुन्हा फॉरवर्ड होतोय. तो चुकीचा आहे.

पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा उच्चार साधारण ‘पांव’ असा, नाकातून होतो. मूळ लॅटिन ‘पानिस’. इटालियन ‘पाने’ आणि स्पॅनिश ‘पान’ ही त्याचीच भावंडं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानलाही पोचले, म्हणून जपानी माणूसही ब्रेडला ‘पान’च म्हणतो. तिथे कुणाला मराठी ‘पाय’ आठवला असेल, हे संभवत नाही! गोव्यात पाव विकणारा ‘पोदेर’ही पोर्तुगीज ‘पादेइरु’वरूनच. मग पीठ कुणी हाताने मळो वा पायाने, नावाला त्याने फरक पडत नाही.

दुसरा दावा असा की लादीचा चौथा भाग म्हणून पाव. हेही नाही. पावशेर, पाव किलो यांतला ‘पाव’ वेगळा. तो संस्कृत ‘पाद’वरून आलाय आणि पाद म्हणजे पाय, तसाच चौथा हिस्साही. म्हणजे गंमत बघा, पायाशी नातं आहे ते पावशेराचं. वडापावातल्या पावाचं नाही.