हुबेहूब

लिफ्टमध्ये आम्ही पाच जण होतो आणि तिसरा मजला येईपर्यंत उरलेल्या चौघांपैकी तिघांनी आपापल्या बुटांचे तळवे उलटे करून पाहिले होते. चौथ्या गृहस्थांनी स्वतःच्या बुटांची तसदी न घेता थेट माझ्या बुटांकडे पाहिले. त्या दिवशी सकाळी मी मानेवर, दोन्ही मनगटांवर आणि रुमालावर मोठ्या विश्वासाने मारलेला ‘वेलीवरची चमेली’ नावाचा परफ्यूम माझ्याखेरीज कोणालाही चमेलीचा वाटत नसावा, अशी शंका मला तेव्हा प्रथम आली.

मला हुबेहूब वासाचे वेड आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. बाटलीवर ‘गुलाब’ लिहिलेले असावे आणि आतून साबण निघावा, ‘मोगरा’ लिहिलेले असावे आणि आतून टाल्कम पावडर निघावी, ‘संत्रे’ लिहिलेले असावे आणि आतून फरशी पुसण्याचे द्रव निघावे, यात माझी निम्मी हयात गेली आहे. त्यामुळे दुकानातल्या विक्रेतीने अदबीने बाटली पुढे करून, “सर, हा खुडलेल्या फुलाचा वास नाही, जिवंत फुलाचा आहे,” असे सांगितले तेव्हा मी किंमतसुद्धा विचारली नाही.

बाई खोटे बोलत नव्हत्या, हीच तर खरी अडचण आहे. फूल खुडले की त्याच्या वासातील घटकांची प्रमाणे बदलू लागतात. त्यामुळे खुडलेल्या फुलांतून काढलेला अर्क कितीही उत्तम असला तरी तो फुलाचा नव्हे, तर फुलाच्या मृत्युपत्राचा वास असतो. यावर उपाय म्हणून झाडावरच्या फुलाभोवती काचेचा घुमट बसवतात, आतली हवा एका शोषक पदार्थातून हळूहळू ओढून घेतात, त्या पदार्थात अडकलेले रेणू गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या यंत्रांनी वेगळे करून ओळखतात आणि मग तीच प्रमाणे प्रयोगशाळेत जुळवून बाटलीत भरतात. फुलाच्या पाकळीलाही धक्का लागत नाही. या तंत्राला ‘हेडस्पेस’ म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये रोमन कायझर यांनी आणि अमेरिकेत ब्रज मुखर्जी यांनी, म्हणजे वासाच्या दोन रसायनज्ञांनी, ते गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नावारूपाला आणले. मुखर्जींनी तर 1998 मध्ये एक लहानसे गुलाबाचे रोप ‘डिस्कव्हरी’ यानातून अंतराळात धाडले. त्याच फेरीत 77 वर्षांचे अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनही होते. गुरुत्वाकर्षण नसल्यासारख्या त्या अवस्थेत उमललेल्या गुलाबाचा वास जमिनीवरच्यापेक्षा वेगळा निघाला आणि पुढे तो एका परफ्यूममध्ये वापरलाही गेला. गुलाब पृथ्वीभोवती घिरट्या घालून सुखरूप परततो, आणि मला चमेलीसह पाचव्या मजल्यापर्यंत जाता येत नाही!

माझी भाची रसायनशास्त्र शिकते. तिने माझे मनगट नाकाजवळ धरले, डोळे मिटले आणि समाधानाने मान डोलावली.

“इंडोल आहे हा, मामा. एकदम छान जमलाय.”

“इंडोल म्हणजे?”

“चमेलीत असतो. निशिगंधातही असतो.”

“आणखी कशात असतो?”

“विष्ठेत,” ती म्हणाली.

पातळ असताना इंडोल फुलासारखा वाटतो आणि दाट झाला की दुसऱ्या बाजूला झुकतो, अशी तिने माझी समजूत घातली. शिवाय तो पूर्णपणे काढून टाकला तर चमेली गुळगुळीत होऊन साबणासारखी वाटू लागते, अशी पुस्तीही जोडली. म्हणजे आयुष्यभर मी ज्या वासाला साबण म्हणून नाके मुरडली, ती बिचारी आंघोळ करून आलेली चमेली होती. वेलीवरची चमेली मात्र आंघोळ करत नाही. ती आपली कुंपणापाशी राहते, वाऱ्याबरोबर चार हातांवरून येते आणि कोणाच्याही मानेवर नऊ फवारे मारून लिफ्टमध्ये शिरत नाही.

मी फुलांचा नाद सोडला आणि फळांकडे वळलो. फळ खाण्याची वस्तू आहे, तेव्हा त्यात असले काही नसणार, असा माझा सरळ हिशेब होता. झाडावर पिकलेल्या पेरूचा एक परफ्यूम मिळाला. दुकानात कागदाच्या पट्टीवर तो असा काही दरवळला की तोंडाला पाणी सुटले. त्या संध्याकाळी एका मित्राकडे जायचे होते.

बैठकीत पाच मिनिटेही झाली नसतील, तोच वहिनींनी नाक उडवले आणि हलक्या आवाजात मित्राला विचारले, “मांजर शिरलं का हो घरात?” त्यांच्याकडे मांजर नाही. मित्र उठून पडद्यामागे पाहून आला. मग वहिनींनी दिवाणाखाली डोकावले. पाहुण्याने अशा वेळी स्वस्थ बसून राहणे बरे दिसत नाही, म्हणून मीही गुडघे टेकले आणि सोफ्याखाली शिरलो. “इथे वास जास्त येतोय!” वहिनी माझ्या मागून म्हणाल्या. मी पुस्तकांच्या कपाटामागे गेलो, तर वास कपाटामागे गेला. बाल्कनीत गेलो, तर तो बाल्कनीत आला. ते मांजर अतिशय चपळ आहे आणि आपल्या एक पाऊल पुढे आहे, यावर आम्हा तिघांचे एकमत झाले. मी त्या शोधात इतका रंगलो होतो की शेवटी मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझ्या कॉलरचा दीर्घ श्वास घेतला, तेव्हाही मांजर माझ्या पाठीवर बसले असावे, असेच मला वाटले.

पेरू, पॅशनफ्रूट, ग्रेपफ्रूट यांच्या वासातला जिवंतपणा काही गंधकयुक्त रेणूंमुळे येतो. ते अत्यल्प असतील तर फळ रसरशीत वाटते आणि जरा वाढले की मांजराने कोपरा गाठल्यासारखे वाटते. त्यातही ग्रेपफ्रूटचा रेणू फारच आगाऊ आहे: त्याचा एक ग्रॅम एक कोटी टन पाण्यात मिसळला तरी माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागू शकतो. एवढ्या तीव्र वस्तूचे फवारे मोजताना माझा हात नेहमीप्रमाणे सैल सुटला होता.

केळ्याचा प्रयोग थोडक्यात आटोपला, कारण तो थोडक्यात आटोपला नसता तर हा लेख लिहिण्याच्या स्थितीत मी नसतो. केळ्याचा वास मुख्यत्वे आयसोअमाइल अॅसिटेट या रेणूचा, आणि मधमाशी दंश करताना बहिणींना मदतीला बोलावण्यासाठी जे रसायन सोडते, त्यातही मुख्य हाच, हे 1962 पासून ठाऊक आहे. म्हणजे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, मला नव्हते. मधमाश्या पाळणाऱ्या स्नेह्यांच्या पेट्या पाहायला मी केळ्याच्या हुबेहूब वासात न्हाऊन गेलो. मधमाश्यांच्या भाषेत मी ‘धावा, धावा, इथे हल्ला करा’ अशी पाटी गळ्यात अडकवून उभा होतो. धावलो मीच.

यानंतर एक पीचचा परफ्यूम लावला आणि तो मात्र सर्वांना आवडला. त्यातील मुख्य पदार्थाला व्यवहारात ‘अल्डिहाइड सी-14’ म्हणतात. तो अल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनचे 14 अणूही नाहीत. तो लॅक्टोन नावाच्या वेगळ्याच रासायनिक वर्गातला आहे आणि कार्बनचे अणू 11 आहेत. 1919 साली फ्रेंच परफ्यूमकार जॅक गेर्लां यांनी ‘मित्सुको’ या परफ्यूममध्ये तो वापरून पीचचे नाव अजरामर केले. नावात इतके धडधडीत खोटे बोलणारा पदार्थ लिफ्टमध्ये निमूट वागतो, कोणाला बूट उलटे करायला लावत नाही, आणि अस्सलपणाची शपथ घेतलेली चमेली मात्र माणसाची अब्रू घेते. चार दिवसांत मला त्या पीचचा कंटाळा आला.

शेवटची बाटली व्हायोलेटची. हे फूल आपला वास अर्कातून सहजासहजी देत नाही. 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनज्ञांनी आयोनोन तयार केले आणि व्हायोलेटचा वास प्रयोगशाळेतून मिळू लागला. भाचीने हे सांगताना आणखीही काही सांगितले होते, पण मी तोवर झाकण काढले होते. पहिला फवारा अप्रतिम होता. हलका, थंड, पावसाळी पहाटेसारखा. दोन मिनिटांत तो गेला. मी दुसरा मारला; तोही गेला. अकराव्या फवाऱ्यानंतर मला काहीच येईना. “अहो, पुरे आता!” असे म्हणत पत्नीने घरातील सगळ्या खिडक्या उघडल्या, तेव्हा तीही त्या निर्जीव मालाला कंटाळली आहे, असे मी समजलो आणि तसाच बाटली घेऊन दुकानात गेलो.

आयोनोन नाकाला थोडा वेळ बधिर करतो, वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि मग ध्यानीमनी नसताना परत येतो, हे भाचीचे उरलेले वाक्य मला दुसऱ्या दिवशी समजले.

“यात वासच नाही,” मी विक्रेतीला ठणकावून सांगितले. ती काउंटरच्या पार पलीकडच्या टोकाला, रुमाल नाकाशी धरून उभी होती. “हो सर,” ती म्हणाली, “तुम्ही ती तिथेच ठेवा. मी लगेच बदलून देते.” इतक्या सहज बदलून मिळेल, असे मला वाटले नव्हते.

नवी बाटली घेऊन मी बाहेर पडलो आणि दारातच व्हायोलेटची एक सुंदर झुळूक माझ्या नाकाला स्पर्शून गेली. इतका हुबेहूब वास लावून कोण गेले असेल, म्हणून मी मागे वळून पाहिले. रस्त्यावर माझ्या आसपास कोणीही नव्हते.