दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ॲल्युमिनियमचा रेट का झुलतो

नमस्कार सर. व्हॅक्यूम चेंबरमध्ये ॲल्युमिनियमची वाफ करून पातळ थर चढवणाऱ्या तुमच्या मशीनचं ट्यूनिंग आम्ही केलं होतं. तुम्ही लिहिलंय, "ट्यूनिंगचे पैसे घेतले, तरी रेट १४ ते २७ अँगस्ट्रॉम झुलतो. थिकनेसही रोज वेगळी. पैसे परत करा." रेट म्हणजे थर सेकंदाला किती अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) वाढतो ते. तो बघून पॉवर कमी-जास्त करणारा कंट्रोलर ठणठणीत आहे, तो बदलायच्या फंदात पडू नका.

ट्यूनिंग सेकंदाला ५ अँगस्ट्रॉमवर झालं होतं, रिपोर्टवरही तेच आहे. तुम्ही टाकलेला फोटो २० च्या रेटचा आहे. ॲल्युमिनियमचा बाष्पदाब सुमारे १०१० अंश सेल्सियसला ०.०००१ टॉर (दाबाचं एकक), तर १२२० च्या आसपास ०.०१ टॉर. म्हणजे थोडं तापमान वाढलं की वाफ कितीतरी पट वाढते. त्यामुळे १ टक्का पॉवरने ५ वर रेट जेवढा हलतो, त्याच्या तिप्पट किंवा जास्तच २० वर हलतो. जुनाच पी (रेट चुकला की पॉवर किती हलवायची तो आकडा) ठेवला की लूप, म्हणजे रेट मोजून पॉवर बदलण्याचं चक्र, डोलणारच.

आधी मॅन्युअलवर टाका, म्हणजे पॉवर कंट्रोलरऐवजी तुम्ही ठरवा. पॉवर स्थिर असूनही रेट उड्या मारत असेल तर पीआयडीला (पी, आय, डी या कंट्रोलरच्या तीन सेटिंगना) हात लावू नका. बोटीचे (ॲल्युमिनियम वितळवणाऱ्या टंगस्टनच्या पात्राचे) क्लॅम्प आणि उडणारं मटेरियल बघा. बोट थंड, पॉवर शून्य, तरी रेट नाचतोय? मग रेट मोजणारा क्रिस्टल किंवा त्याच्या होल्डरच्या स्प्रिंगा.

मॅन्युअलवर शांत असेल तर १८ ला स्थिरावू द्या आणि पॉवर १ टक्का वाढवा. रेट किती वाढला, हलायला किती सेकंद लागले, आणि तिथून ६३ टक्के वाढ व्हायला किती, हे तीन आकडे टिपा. समजा ३.५ अँगस्ट्रॉम, १ सेकंद, ६ सेकंद. पी = ६ ÷ (४ × ३.५ × १), म्हणजे सुमारे ०.४३. आय (उरलेली चूक भरून काढायचा वेळ) ६ सेकंद. डी (रेट बदलण्याच्या वेगावरची प्रतिक्रिया) शून्यच ठेवा, नाहीतर क्रिस्टलचा नॉइज थेट पॉवरमध्ये उतरतो. एक मेख आहे: काही कंट्रोलर पी ऐवजी प्रोसेस गेन (१ टक्का पॉवरला रेट किती हलतो ते) मागतात. तिथे ३.५ च भरायचं, आणि आकडा वाढवला की लूप मऊ होतो, म्हणजे पॉवर कमी हलवतो. इथे भलेभले उलट्या दिशेने जातात.

टंगस्टन बोटीला ॲल्युमिनियम खातं, मटेरियलही उतरत जातं. म्हणून नवी बोट लावली की हे आकडे पुन्हा घ्या.

थिकनेसचा ट्यूनिंगशी फारसा संबंध नाही. क्रिस्टल होल्डरला गच्चीवरच्या टाकीचं पाणी देताय. नागपूरच्या मे महिन्यात ते दुपारी चांगलंच तापतं आणि क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकते. चिलरवर २० ते २५ अंशांत एकाच आकड्याला धरा. पावसाळ्यात चेंबर उघडण्याआधी चिलरचं पाणी बंद करा, नाहीतर होल्डरवर दव धरतं.

पैसे परत होणार नाहीत. २० चं ट्यूनिंग हवं असेल तर नेहमीचाच व्हिजिट चार्ज. त्याआधी मॅन्युअलवरचा रेटचा ग्राफ पाठवा; क्लॅम्पच ढिला निघाला तर तुमचा तेवढाही खर्च वाचेल.