नुसत्या मराठीवर भागत नाही
लेखात म्हटलंय की मराठी आली की सोलापुरात शिकणाऱ्या मेडिकलच्या पोरांना पेशंटशी बोलायला काही अडचण नाही, हे काय पटलं नाही बघा. माझी पहिली केस हिस्टरी एका विडी वळणाऱ्या आजींची, पूर्व भागातल्या, तेलुगूशिवाय बोलेनात, मी 'कुठं दुखतंय' चार वेळा विचारलं तर त्या नुसत्या हसल्या, शेवटी वॉर्डातल्या मावशींनी तेलुगूत 'एक्कड नोप्पी?' विचारलं तेव्हा कुठं छातीवर हात ठेवला! अक्कलकोटकडचा पेशंट आला की परत कन्नड.

एमबीबीएसच्या 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सला स्थानिक भाषा आहे म्हणे, पण इथं नेमकी कुठली शिकवणार? आणि थीसिससाठी पेशंटवर अभ्यास करायचा तर संमतीपत्राचा फॉर्म त्याला कळेल अशा भाषेत लागतो, त्यावर लेखात एक ओळसुद्धा नाही.